बुडाखालचा डबा

दिवा लागला तेव्हा आम्ही सिडकोच्या सिग्नलला उभे होतो. पिवळा, इंजिनाच्या आकाराचा, वेगाच्या काट्याखाली. धक्का नाही, आवाज नाही, गाडी अडखळली नाही, नुसता दिवा. पुढे पाण्याचा टँकर होता, त्याची तोटी गळत होती, आणि शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून त्या गळतीकडे असं बघायला सुरुवात केली होती की जणू त्याच्याच घरातलं कुणी चाललंय. लातूरला रेल्वेनं पाणी नेलं तो उन्हाळा. आमच्या शहरातही पाणी कुठल्या वाराला येणार हे लोक पाहुण्यांच्या येण्याजाण्यासारखं एकमेकांना विचारत होते. करमाडला आईच्या माहेरच्या माणसांना गाडी दाखवायची म्हणून आम्ही निघालो होतो. राजकुमार, माझा नवरा, माझ्या शेजारी बसला होता. माझी आई, कडूबाई, मागच्या सीटवर मधोमध, दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरून, सगळी सीट आपलीच असल्यासारखी. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि तेव्हापासून तिच्या नजरेतून काहीही सुटत नव्हतं. सिग्नल सुटायच्या आत तिनं विचारलं, "ह्यो दिवा कशाचा गं?"

राजकुमार म्हणाला की दिवे लागतातच, त्यांच्या शाळेतल्या एका सरांनी तर त्या दिव्यावर काळी टेप लावली आहे आणि गाडी अजून पळते आहे. तो महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि जगातल्या बहुतेक गोष्टींवर टेप लावून भागतं असं त्याचं प्रामाणिक मत आहे. तो दिवा लागायला शंभर कारणं असतात. पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट बसलेलं नसलं तरी लागतो. मला शंभरातलं एकच कारण सुचलं. पुढे चिकलठाण्यापर्यंतची सगळी शोरूमं, नव्या इमारतींची हिरवी जाळी, विमानतळाची भिंत हे सगळं मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. मी गाडी इतकी हळू चालवत होते की मागून हॉर्न वाजायला लागले. शेंद्र्याच्या फाट्यावर माझ्या कारखान्याची पाण्याची टाकी दिसली आणि मी सवयीनं तिकडे बघायच्या ऐवजी रस्त्याकडे बघितलं.

त्या टाकीखालच्या शेडमध्ये माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. अजूनही जात आहेत. आम्ही तिथं डबे बनवतो. गाडीच्या बुडाखाली, धुराच्या नळीच्या मध्ये एक स्टीलचा डबा असतो. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, कारखान्यात आम्ही कॅट म्हणतो, घरी डबा. त्याच्या आत पांढुरक्या मातीची एक वीट असते, आरपार बारीक भोकांची, मधाच्या पोळ्यासारखी. त्या भोकांना आतून महागड्या धातूचा लेप असतो. इंजिनातून विषारी धूर येतो, त्या भोकांतून जातो, आणि पलीकडून निघताना त्याचं विष बरंचसं उतरलेलं असतं. ही वीट मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडले होते. मी ती खिडकीकडे धरली आणि भोकांतून पलीकडचं शेंद्र्याचं आभाळ ठिपक्याठिपक्यांनी दिसलं. सुपरवायझर ओरडले की खेळणं आहे का ते. मी ठेवून दिली, पण मनात ठरलं की हेच काम करायचं. वीट ठिसूळ असते. तिला एका जाड लोकरीसारख्या चटईत गुंडाळून डब्यात दाबून बसवायची. सैल गुंडाळली तर आत खुळखुळून तिचा चुरा होतो, घट्ट गुंडाळली तर दाबानंच तडकते. बाळंतिणीच्या पोराला दुपट्यात गुंडाळायचं ज्याला कळतं त्याला ते कळतं, मशीन असलं तरी. पुढं मी तपासणीला आले. आम्ही चौघीजणी होतो. डबा हातात घ्यायचा, शिवण बघायची, मोजमापं घ्यायची, आणि शेवटी लाकडी हातोडीनं एक टिचकी मारायची. आवाज भरीव आला पाहिजे. पास झाला की प्रत्येकीचा ठसा वेगळा, माझा त्रिकोण.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अप्पारावांना, हे काम कधीच कळलं नाही. ते मायेचे होते, पण लोकांनी विचारलं की म्हणायचे, पोरगी धुराचे डबे तपासते, आणि हसायचे. गाडी घ्यायच्या आधीच ते गेले. आईचं तसं नव्हतं. तिनं एकदाच नीट विचारून घेतलं होतं: ते कुठं बसवतात, दिसतं का, काढलं तर काय होतं. मी म्हणाले, दिसत नाही, काढलं तरी गाडी चालते, फक्त धूर वाईट निघतो. तिनं मान हलवली. तिला हे समजायला वेळ लागायचं कारणच नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात, लग्न होऊन आलेली पोर असताना, तिनं खडी फोडली होती. करमाडकडच्या सडकेवर. लोक त्या दिवसांचं रडगाणं सांगतात. आईनं मला ते तसं कधीच सांगितलं नाही. ती सांगायची की खाली डबर, म्हणजे मोठा दगड, कसा उभा लावायचा, आडवा नाही. फटीत दगडाच्या चिपा कशा ठोकायच्या. त्यावर बारीक खडी, मग मुरूम, मग पाणी आणि धुम्मसानं ठोकणं. मुकादम सांगायचा तेवढंच बायका करायच्या, आई मुकादमाला सांगायची. आता त्या सडकेवर डांबराचे कितीतरी थर चढलेत, पण त्या रस्त्यानं जाताना आई अजूनही एका वळणावर खिडकीतून खाली बघते आणि म्हणते, हितनं तिथवर माझी हाय. एसटीत असली तर शेजारणीलाही सांगते.

म्हणून मी गाडी घेतली तेव्हा जाणूनबुजून हीच घेतली. ह्या मॉडेलला आमचेच डबे जातात. आईला सांगितलं की हिच्या बुडाखाली आमचा डबा आहे. आईनं ते 'आमचा' वरून 'रूपालीचा' करून मुकुंदवाडीमागच्या आमच्या सगळ्या वस्तीत पोचवलं. विहारात वंदनेनंतर सांगितलं. गॅसवाल्याला सांगितलं. गाडीसमोर उभं राहून बायकांना वाकून बघायला लावलं, आणि काही दिसत नसताना त्या बिचाऱ्या हो हो म्हणाल्या. त्या रविवारी करमाडलाही तेच झालं. मामाच्या अंगणात, वाळलेल्या लिंबाखाली, तिनं सगळ्यांना गोळा केलं आणि माझ्या कामाचं सांगितलं, आणि मी किल्ली हातात गच्च धरून उभी राहिले. किल्ली फिरवली असती तर पुन्हा तो दिवा दिसला असता.

सोमवारी रजा टाकून मी एकटीच छावणीत सांडूच्या गॅरेजवर गेले. सांडू माणूस चांगला आहे, हात साफ आहे, बोलायला मात्र एका वाक्यात दोन भाषा लागतात. त्यानं स्टिअरिंगखाली यंत्राची पिन लावली, पडद्याकडे बघितलं आणि हसला. प्रत्येक बिघाडाला एक क्रमांक असतो. माझा पी शून्य चारशे वीस. "मॅडम, तुमच्या गाडीत चारसौ बीस निकला," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीनं साधी गंमत होती. त्या क्रमांकाचा अर्थ मला यंत्राशिवाय पाठ होता: डबा काम करत नाही. पुढं त्यानं समजावून सांगितलं, जे मी शिकाऊ पोरींना दर वर्षी सांगते. डब्याच्या आधी एक सेन्सर, डब्यानंतर एक. आधीच्याची रेघ पडद्यावर वरखाली नाचते, कारण इंजिनाचा श्वास तसाच असतो. नंतरच्याची रेघ शांत राहिली पाहिजे. ती शांत राहते तेव्हा समजायचं की मधला डबा त्याचं काम करतोय. माझ्या गाडीच्या दोन्ही रेघा नाचत होत्या. मग त्यानं गाडी वर उचलली आणि मी खाली जाऊन उभी राहिले. डब्याच्या कडेला, धुळीखाली, बोटानं पुसलं तेव्हा त्रिकोण दिसला.

ठसा चौघींपैकी कुणाचाही असू शकला असता. गोल असता तर मंगलचा, मी तिला फोन करून चिडवलं असतं. तो माझा होता. एरवी मी आनंदानं ओरडले असते. इतकी वर्षं हजारो डबे हातावेगळे केले, त्यातला एक फिरून माझ्याच दारात आला. त्या वेळी मात्र मला वाटलं की कुणी माझी वही उघडून वर्गासमोर वाचली. सांडू म्हणाला, नवा डबा बसवण्यात अर्थ नाही. हा कापून काढतो, तिथं सरळ नळी जोडतो, दिव्याचीही सोय करतो, सगळे हेच करतात. "देखो मॅडम, सीधी बात. डब्बा निकाल दिया तो गाडी और भागती. दिसतं का कुणाला?" ह्यात त्याचा काही दोष नव्हता. ह्या शहरात किती गाड्यांच्या बुडाखाली आता नुसती नळी आहे, मला माहीत आहे. जालना रोडवर संध्याकाळी नाकाला कळतं. पण 'दिसतं का कुणाला' हे ऐकून माझी कानशिलं तापली. मी म्हणाले, डबा खराब नाही. तो म्हणाला, यंत्र सांगतंय. मी म्हणाले, यंत्र रेघ सांगतंय, कारण सांगत नाही. मला भांडायची हौस आहे हे सगळ्या शेडला माहीत आहे; ह्या वेळी मात्र मी भांडत होते आणि माझी मलाच खात्री नव्हती.

घरी येताना मी तो एक डबा आठवायचा प्रयत्न करत होते, जे मूर्खपणाचं आहे. कुठला आठवणार? कधीतरी घाईत होते का? आईच्या डोळ्यांच्या तारखा घेत होते तेव्हाचा का? टिचकी मारली आणि आवाज ऐकलाच नाही, शेजारणीचं बोलणं ऐकलं, असं कधी झालं का? मला माझी ओळख आहे. मी हट्टी आहे, तोंडाळ आहे, पण कामात मी कधी डोळेझाक केली नाही. एकदा एक अख्खा लॉट मी अडवला होता, मॅनेजर येऊन गोड बोलले, मग कडू बोलले, मी ठसा मारला नाही. शेवटी फोडून बघितलं तर आत चटई उलटी बसली होती. त्या दिवशी मी घरी चालत आले होते, बसनं नाही, कारण बसमध्ये मावले नसते. आणि आता माझ्याच गाडीच्या बुडाखाली माझा त्रिकोण आणि वर चारशे वीस. डबा खरोखर गेला असेल तर आईनं वस्तीभर सांगितलेलं सगळं खोटं, आणि तिनं खोटं काही सांगितलं असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. मला स्वतःपेक्षा त्याचं जास्त लागलं.

घरी आईनं पाण्याच्या बॅरलवर फडकं बांधता बांधता विचारलं, काय म्हणाला? मी खरं ते सांगितलं: तो म्हणतो, डबा गेला. मग तिनं विचारलं, "तू काय म्हनती?" मी म्हणाले, उद्या सकाळी गाडी थंड असताना बघते, मग सांगते. तिनं फडक्याची गाठ मारली आणि विषय सोडला. तिला काळजी वाटली असती तर ती बोलत राहिली असती. ती गप्प राहिली म्हणजे निकाल माझ्यावर सोडून ती मोकळी झाली होती. त्या विश्वासाचा मला त्या घटकेला राग आला.

थंड गाडीचं मला घरी येता येता सुचलं होतं. सांडूकडे गाडी शहरभर तापून गेली होती. लोखंड तापलं की फुगतं, आणि बारीक फट असेल तर ती इतकी आवळते की आवाज येत नाही. थंड असताना ती बोलते. सकाळी ऊन चढायच्या आत मी गाडीची पुढची चाकं ओट्याच्या उतारावर चढवली आणि रेक्झिनचा जुना तुकडा अंथरून खाली सरकले. आधी मूठ वळून डब्यावर ठोकलं. भरीव. आत काही खुळखुळलं नाही. पुन्हा ठोकलं, दुसऱ्या बाजूनं, पुन्हा भरीव. छाती जरा हलकी झाली, पण एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, लेप मेला तरी वीट शाबूत असते. मग आईला हाक मारली. तिला सांगितलं की ओलं फडकं घडी करून मागच्या नळीच्या तोंडावर धर, मी सांगेपर्यंत सोडू नको. तिनं फडकं कोथिंबीर धुतलेल्या पाण्यात बुडवलं, त्या दिवसांत चांगलं पाणी कोण वापरणार, पदर खोचला आणि गाडीमागे उकिडवी बसली. राजकुमारनं गाडी चालू केली. मागची वाट बंद झाल्यावर धुराला जिथं वाट मिळेल तिथून तो निघणार. मी डोळे मिटले. इंजिन घुमत होतं, गल्लीत कुणाची तरी बादली वाजली, आणि त्या सगळ्याखालून, माझ्या कानापासून हातभर अंतरावर, फुस, फुस, फुस. डब्यातून नाही. डब्याच्या आधी, जिथं नळी आणि डबा बोल्टांनी जोडलेले असतात, तिथून. मी हात जवळ नेला तर बोटांवर धुराची बारीक फुंकर येत होती. बॅटरी लावली तर तिथं काजळीची एक शेपूट दिसली, आणि जोडावरचं सील फाटलेलं.

त्या फटीतून धूर बाहेर जातो तशी हवाही आत ओढली जाते. ती हवा डब्यातून पुढं जाऊन मागच्या सेन्सरला लागते आणि तो बावचळतो, त्याची रेघ नाचायला लागते, आणि यंत्र बिचारं डब्याला चोर ठरवतं. मी तिथंच, रेक्झिनवर पडल्या पडल्या, हसायला लागले. वरून राजकुमारनं विचारलं काय झालं. आईनं फडकं सोडलं नव्हतं. ती तिकडून म्हणाली, "सोडू का?" मी म्हणाले, सोड. बाहेर आले तेव्हा तिचं तोंड धुराच्या उबेनं लाल झालं होतं आणि फडक्याला कोथिंबिरीचा वास येत होता. मी सांगितलं की डबा चांगला आहे, जोड फुटलाय. ती म्हणाली, मंग बरं, आणि चहा ठेवायला गेली. बाहेर पडता पडता मला आणखी एक दिसलं होतं, ते मात्र मी बोलले नाही: त्या जोडाच्या खालच्या कडेला ताजा ओरखडा होता, आणि ओरखड्यात राखाडी सिमेंट बसलेलं होतं.

सांडूकडे आईही आली. म्हणाली, मला बघायचंय. त्यानं नवं सील घातलं, बोल्ट आवळले, जुना क्रमांक पुसला, आणि आम्ही सगळे गाडी तापायची वाट बघत उभे राहिलो. मग पडद्यावर दोन रेघा उमटल्या. वरची नाचत होती. खालची थोडी डगमगली, आणि मग सरळ झाली, आणि सरळच राहिली. सांडूनं पडदा आईकडे वळवला. हे त्याचं मला फार आवडलं. आईनं डोळे बारीक केले, नवे डोळे, आणि बोट लावलं. "ही वरची लई उड्या मारती. ही खालची गप हाय. ह्यातली तुझी कोंची?" मी म्हणाले, गप आहे ती. ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. सांडूसमोर रडायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी बॉनेट पुसायला लागले. मला अभिमान वाटत होता. साधा, उघडा, भरपूर अभिमान. तो कुणाला दाखवायचा नव्हता, पण लपवायचाही नव्हता.

परत येताना आईनं तो प्रश्न विचारलाच, जो मी टाळत होते. जोड फुटला कशानं? मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. टँकर गल्लीत शिरत नाही, तो कोपऱ्यावरच्या टाकीत पाणी सोडतो, आणि त्या टाकीतून प्रत्येकानं आपापल्या घरापर्यंत नळी टाकली आहे. रस्ता ओलांडणाऱ्या नळ्या गाड्यांखाली चेपतात, म्हणून लोकांनी त्यांच्यावर मुरूम-सिमेंटचे उंचवटे केलेत. बाकीच्यांचे महिन्याभरात भुगा होऊन गेले. आमच्या नळीवरचा आईनं स्वतः केला होता, फाल्गुनात. खाली डबर उभा लावून, फटीत चिपा ठोकून, वर खडी, मुरूम, आणि मग सिमेंट. धुम्मस नव्हतं म्हणून खलबत्त्याच्या बत्त्यानं ठोकून. त्या उंचवट्यावर गाडीचं बूड घासत होतं. मी तिला तसंच सांगितलं, गुळगुळीत न करता: आई, तुझ्या उंचवट्यानं फोडला. राजकुमारनं लगेच सुचवलं की पहार आणतो, वरचा चार बोटं थर काढून टाकू.

आई उतरली. उंचवट्याशी गेली, खाली वाकली, आणि जिथं गाडी घासली होती तिथं अंगठा फिरवला. सिमेंटवर नखानं ओढल्यासारखी एक रेघ होती, तेवढीच. तिनं पायानं दोन ठिकाणी दाबून बघितलं. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "पहार बिहार काय नाय. गाडी उंच करा म्हनावं कंपनीवाल्यान्ला. ह्यो हलायचा नाय." राजकुमारनं माझ्याकडे बघितलं, निकाल मी देईन अशा आशेनं. मी म्हणाले, पहार नको.

आता रोजचं असं ठरलंय. गल्लीच्या तोंडाशी मी राजकुमारला उतरवते, म्हणजे गाडी जरा वर येते. आई उंचवट्याच्या पलीकडे उभी असते, कमरेवर एक हात, दुसरा वर. ती वाकून गाडीचं बूड बघते, मग उंचवटा बघते, दोघांच्या मधली जागा बघते. तिरकी घे, म्हणते. आजून. आजून. मी एक चाक चढवते, मग दुसरं. ओट्यांवरच्या बायका हातातलं काम थांबवून बघतात. आई हात खाली करत नाही, शेवटचं चाक उतरेपर्यंत, आणि मग वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "लागलं नाय कुनालाच."